पाटीवरचं बोलणं

शेवटची सहा वर्षं माझ्या वडिलांच्या तोंडात एकच शब्द होता. ‘बरं.’ भूक लागली तरी बरं, पोट भरलं तरी बरं, आणि एकदा धोतरावर विंचू चढताना दिसला तेव्हाही बोट दाखवून बरं. या एका शब्दानं माझं लग्न ठरवून टाकलं होतं, म्हणून ही हकीकत मला कालच्यासारखी आठवते. झालं गेलं विसरावं म्हणतात. मी नाही विसरत. माझा स्वभावच तसा आहे, त्याला औषध नाही.

त्याआधी आबा, म्हणजे माझे वडील, अख्ख्या भाजे गावात सगळ्यांत जास्त बोलणारे गृहस्थ होते. ते टपालवाले. मळवली स्टेशनावर टपालाची पिशवी उतरायची, ती खांद्याला लावून भाजे, देवले, पाटण अशी गावं आणि मधल्या वाड्या पायी करायच्या, हे त्यांचं काम. साठ सालाच्या आगेमागे आमच्या भागात पत्र वाचता येणारं माणूस शोधून सापडत नसे. त्यामुळं पत्र हातात देऊन आबांची सुटका नव्हती. ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा आणि पत्र खड्या आवाजात वाचून दाखवायचं. घरची माणसं जमायची, शेजारची जमायची, आणि ज्यांचा त्या पत्राशी काडीचा संबंध नाही ती सर्वांत पुढं बसायची.

आबांचा एक नेम होता. कागदावर आहे तेच तोंडात. एक अक्षर गाळायचं नाही, एक घालायचं नाही. पाटणला एका सुनेच्या भावाचं पत्र आलं होतं. त्यात सुनेच्या सासूचा उद्धार होता, चांगला पानभर. सासू समोर बसलेली. आबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्वल्पविरामांसकट, वाचून दाखवलं. त्या घरचा चहा दोन वर्षं बंद झाला. आई म्हणाली, जरा गाळून वाचता येत नव्हतं का? आबा म्हणाले, “वाचताना मी नसतोच गं. डोळ्यातनं आत जातं आन तोंडातनं भायेर पडतं. मधी कुटं थांबतच न्हाई.”

हे अगदी खरं होतं. त्यांच्या स्वतःच्या बहिणीचं पत्र आलं, ते त्यांनी आम्हाला ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवलं: मी रविवारी येते, दोन पोरं बरोबर आहेत. घडी घालून पिशवीत ठेवलं. रविवारी आत्या दारात उभी राहिली तर आबा चकित. म्हणे, कळवायचं तरी! आई कपाळाला हात लावून आत गेली ती पाहुण्यांसाठी तांदूळ घेऊनच बाहेर आली.

पत्र लिहूनही द्यायचे ते. बायका समोर उकिडव्या बसायच्या, गुडघ्यांवर हात, हातांवर हनुवटी, आणि मनातलं सांगायच्या. आबा लिहायचे. मग लिहिलेलं सगळं वाचून दाखवायचे आणि पत्र बंद करण्याआधी एक प्रश्न ठरलेला: “तुजंच हाय न्हवं?” बाई व्हय म्हणाली की मगच डिंक. एखादी अडखळली तर कागद फाडून दुसरा लिहायला घ्यायचे. तांबोळ्याची मावशी म्हणून गावात पानसुपारीचं दुकान चालवणारी एक विधवा होती. तिचा मुलगा मुंबईला गोदीत. दर महिन्याला तिचं पत्र आबांच्या अक्षरात जायचं. तिला उगाच पाल्हाळ लावायची सवय होती; प्रश्न ऐकला की ती म्हणायची, “माजंच हाय, पर आजून थोडं माजं लिव.”

बासष्ट-त्रेसष्टच्या भाद्रपदात आबा फेरी करून आले, ओट्यावर टेकले, आणि हातातली कपबशी खाली गेली. उजवा हात लोंबला, तोंड वाकडं झालं. बैलगाडीत घालून मळवली, तिथून गाडीनं लोणावळा. तिथं आमच्या ओळखीचे एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी आठवडाभर ठेवून घेतलं. पाचव्या दिवशी आबा पहिल्यांदा बोलले. डॉक्टरांनी विचारलं, कसं वाटतंय? आबा म्हणाले, “बरं.” आई तिथंच रडायला लागली, आनंदानं. मग डॉक्टरांनी विचारलं, नाव काय तुमचं? आबा म्हणाले, बरं. हे कोण? बरं. बोटं किती? बरं. आईचं रडं थांबलं.

डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन समजावलं. डाव्या कानाच्या वर, मेंदूत, बोलणं तयार होण्याची जागा असते. तिथलं रक्त अडलं. त्यांना कळतंय सगळं, म्हणाले, पण मनातलं तोंडापर्यंत यायची वाट बुजली आहे. घाटात दरड पडली की गाडी खंडाळ्याला उभी राहते, तसं. गाडी शाबूत आहे, माणसं आत बसली आहेत, फक्त खाली येता येत नाही. मात्र पाठ झालेलं येईल. आरती येईल, पाढे येतील, शिव्याही येतील, त्या दुसरीकडं ठेवलेल्या असतात.

“म्हंजी मिळून शिव्या तेवढ्या शाबूत ऱ्हायल्या,” आई म्हणाली.

आणि तसंच झालं. पाणी हवं असलं तर आबांना ‘पाणी’ म्हणता येईना. कळशीकडं बघून बरं, बरं करत राहायचे, डोळे भरून यायचे. पण गणपतीच्या आरतीला टाळ्या सुरू झाल्या की अख्खी आरती खणखणीत. आम्ही थांबलो की तेही थांबायचे, आणि परत बरं. एकदा उंबऱ्याला अंगठा आपटला तर अशी सणसणीत शिवी बाहेर पडली की शेजारची बाई पदर तोंडाला लावून पळाली. आईनं त्या दिवशी गावात गूळ वाटला. कशाबद्दल म्हणून विचारलं तर सांगायची, ह्यांनी शिवी दिली.

गावाला या ‘बरं’ची सवय व्हायला वेळ लागला, आणि फायदा घ्यायला अजिबात लागला नाही. शेजाऱ्यानं विचारलं, शिडी नेऊ का? बरं. दुसऱ्यानं विचारलं, बैल दोन दिवस नेऊ का? बरं. बैल अकरा दिवसांनी आले. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पार्ट्यांचे लोक येऊन पाठिंबा विचारून गेले आणि दोघेही खूश होऊन गेले. आमच्याकडं पुरुषाच्या तोंडचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. कागदावर सही केलेली मोडेल, शब्द मोडायचा नाही. या लोकांना समोर दिसत होतं की हा माणूस विंचवालाही बरं म्हणतो. पण शब्द तो शब्द. सोयीचा असला की सगळे शहाणे वेडे होतात.

आईचं सांगते. वीस वर्षं नवऱ्यानं तिचं एक ऐकलं नव्हतं. आता ती जे म्हणेल त्याला बरं. पहिले पंधरा दिवस ती राणीसारखी वावरली. महिनाभरानं मला म्हणाली, भिंतीशी बोलल्यासारखं होतं गं. एकदा मी पाहिलं, ती मुद्दाम आमटीत मीठ जास्त घालत होती. आबांनी घास घेतला, तिच्याकडं बघितलं, आणि म्हणाले बरं. आई चुलीकडं तोंड करून बसली. मला तिचा राग आला होता, आमटी मलाही खायची होती. पण मग तिचे खांदे हलताना दिसले.

आता माझं. मी सातवीची फायनल पास झाले होते, गावातली पहिली मुलगी. आबांनी आजारी पडायच्या आधी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचा फॉर्म माझ्याकडून भरून घेतला होता आणि स्वतःच्या हातानं पिशवीत टाकून नेला होता. मास्तरीण व्हायचं, हे आमचं ठरलं होतं. दोघांचंच. चुलत्याला यातलं माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी पटलं नसतं. आबा खाटेवर, तेव्हा घरातला कर्ता आपणच, असं त्यानं ठरवून टाकलं. कार्तिकात तो वराळ्याचं स्थळ घेऊन आला. भातशेती बरी, म्हशी दोन, मुलगा थोडा जास्त हसतो पण बाकी काही नाही. आबांच्या खाटेपाशी बसून त्यानं मुलाच्या म्हाताऱ्या बापासमोर विचारलं, “दादा, पोर दिली म्हनायची का?”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचं तोंड दोनदा उघडलं, मिटलं. कपाळावरची शीर फुगली. आणि आलं काय, तर बरं.

चुलता म्हणाला, झालं. पुढच्या गुरुवारी सुपारी फोडू.

सुपारी फुटली म्हणजे विषय संपला. मग लग्न होणारच, आणि लग्न झालेल्या मुलीला ट्रेनिंगला कोण पाठवतो? मी आईशी भांडले. आई म्हणाली, मी बाईमाणूस, शब्द त्यांचा. मी म्हणाले, तो शब्द नाही, तो आजार आहे. आई म्हणाली, मला म्हाईत हाय गं बये, पर पंचांना कोन सांगनार? मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी जेवले, कारण उपाशी पोटी मला राग नीट येत नाही.

सोमवारी नवा टपालवाला आला. आबांच्या जागी आलेला हा तरणा पोरगा आबांना फार मान द्यायचा. त्यानं लिफाफा काढला, माझ्या नावाचा होता, पण सवयीनं आबांच्या डाव्या हातात दिला. आबांनी दातांनी फोडला, कागद उलगडला, डोळ्यांसमोर धरला आणि खड्या आवाजात सुरू झाले:

“आपला अर्ज मंजूर झाला असून आपण सोबतच्या कागदपत्रांसह प्रशिक्षणासाठी हजर राहावे.”

टपालवाल्याच्या हातातली बाकीची पत्रं खाली पडली. आई आतून पिठाच्या हातानं धावत आली. आबांनी तारीख वाचली, सोबतच्या कागदांची यादी वाचली, खाली कुणाची सही आहे ते वाचलं. एक अक्षर अडखळलं नाही. जुने आबा, फेरीवरचे आबा, जसेच्या तसे. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “इतकं दिस नाटक करत व्हता व्हय?”

आबांनी कागद खाली घेतला. तिच्याकडं पाहिलं. म्हणाले, “बरं.”

दुसऱ्या दिवशी आम्ही लोणावळ्याला. डॉक्टरांना इतका आनंद झाला की त्यांनी बाकीचे पेशंट बसवून ठेवले. औषधाची बाटली वाचायला दिली, कॅलेंडर वाचायला दिलं, भिंतीवरचं ‘येथे थुंकू नये’ वाचायला लावलं. आबांनी सगळं वाचलं. डॉक्टर म्हणाले, मनातून तोंडात येणारी वाट बंद आहे, पण डोळ्यांतून तोंडात जाणारी उघडी राहिली. सगळ्यांची राहत नाही. यांनी ती आयुष्यभर तुडवून पक्की केलेली दिसते. मला आबांचं ते बोलणं आठवलं, मधी कुटं थांबतच न्हाई. त्या माणसानं डॉक्टरांच्या आधीच सांगून ठेवलं होतं.

घरी येताच मी माझी जुनी पाटी काढली. लिहिलं ‘नाही’. आबांसमोर धरली. आबा म्हणाले, “नाही.”

तीन महिन्यांत पहिल्यांदा ते नाही म्हणाले होते. मी पाटी घेऊन अंगणात नाचले. माझं ठरलं: गुरुवारी चुलत्यानं विचारलं की मी मागं उभी राहून पाटी दाखवणार. मग अजून ऐकावंसं वाटलं म्हणून उगाच ‘हो’ लिहून दाखवलं. आबा तितक्याच ठामपणे म्हणाले, “हो.” माझं नाचणं जरा मंदावलं.

त्या पाटीचा खरा उपयोग आईला झाला. तिला अक्षर येत नव्हतं. तिनं मला लिहायला लावलं: भाजी फक्कड झाली. जेवताना आबांसमोर पाटी धरली, आबांनी वाचलं, आणि आई लाजून म्हणाली, काहीतरीच तुमचं. पाटी तिनं चुलीमागच्या खिळ्याला टांगून ठेवली आणि कुणाला पुसू देईना. दोन दिवस रोज संध्याकाळी तिची भाजी फक्कड झाली. पिठलं होतं तेव्हासुद्धा. गुरुवारी सकाळी मी ती पाटी मागितली तेव्हा तिनं मला आधी ते वाक्य दाराच्या फळीवर उतरवून द्यायला लावलं.

गुरुवारी वराळ्याची मंडळी आली. मुलगा, त्याचा बाप, म्हणजे तो म्हातारा, तीन-चार नातेवाईक, आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी केलेला मुलाचा मामा. गावचे पंच बसले, बायका दाराआड. तांबोळ्याची मावशी पानसुपारीचं तबक घेऊन आली होती, ती दाराआड न बसता सरळ मध्ये बसली. तिच्या वयाला कोण बोलणार? आबांना धुतलेला सदरा घालून खाटेवर टेकवलं. मी त्यांच्या समोर, चुलत्याच्या पाठीमागं, पाटी पदराखाली घेऊन.

चुलत्यानं घसा खाकरून विचारलं, पंचांच्या देखत सांगा, पोर दिली ना? मी पाटी वर केली.

“नाही,” आबा म्हणाले.

चुलत्याचं तोंड उघडं राहिलं. पंच एकमेकांकडं बघायला लागले. तीन महिने बरं म्हणणारा माणूस नाही म्हणाला, काहींनी हातच जोडले. पण मामा मालधक्क्यावरचा, त्याचं आयुष्य लोकांच्या गोण्या तपासण्यात गेलेलं. त्यानं मागं वळून पाटी पाहिली, माझ्या हातातून काढून घेतली, थुंकी लावून पुसली, आणि लिहून आबांसमोर धरली.

“हो,” आबा म्हणाले.

मामानं पुन्हा पुसून लिहिलं.

“मी वराळ्याची म्हैस आहे,” आबांनी वाचलं, सासूचा उद्धार वाचावा तितक्याच गंभीरपणे.

सगळी बैठक हसली. पंच हसले, मुलगा तर हसतच होता, दाराआडच्या बायका हसल्या. मामा म्हणाला, बघा, कळसूत्री बाहुलं हाय. जे लिवाल ते बोलतंय. पोरीनं बापाच्या तोंडात आपला शब्द घातला. आणि मला लाज वाटली, कारण ते खरं होतं. मी तेच केलं होतं. मी आबांना एकदाही विचारलं नव्हतं. चुलत्यानं विचारून त्यांना फसवलं, मी न विचारता. त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी आधी मामाला ढकललं असतं आणि मग स्वतः गेले असते.

आबा हसत नव्हते. त्यांचे कान लाल झाले होते. त्यांनी डावा हात पुढं केला आणि मामाच्या हातातली पाटी ओढून घेतली. मामा सोडेना, तर ती ठेवणीतली शिवी बाहेर पडली, अख्खी. मामानं सोडली. आबांनी म्हैस आपल्या बाहीनं पुसून टाकली. मग सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. ट्रेनिंगचं पत्र. सोमवारपासून ते कुठं गेलं म्हणून मी घर पालथं घातलं होतं. ते त्यांनी पाटीवर ठेवलं, पाटी माझ्या हातात दिली, आणि पेन्सिल माझ्या बोटांत बसवली. मग खाटेवरून खाली उतरायला लागले. आईनं धरलं. ते भिंतीला टेकून माझ्यासमोर उकिडवे बसले, चांगला हात गुडघ्यावर, त्यावर हनुवटी. त्यांच्यासमोर बायका बसायच्या, तसे.

कुणीच हसेना. अक्षर वेडंवाकडं आलं. मी लिहिलं आणि समोर धरलं. आबांनी खड्या आवाजात वाचलं:

“भावाला बरं म्हणालो तो शब्द नव्हता. मुलीला पुण्याला शिकायला धाडायची आहे.”

मामा म्हणाला, हे पुन्हा पोरीचंच. अक्षर तिचं, शब्द तिचे. पंचांतले एकदोघं मान डोलवायला लागले. तेव्हा मध्ये बसलेल्या मावशीनं तबक खाली ठेवलं.

“माज्या ल्येकाला आजवर जेवडी पत्रं गेली, ती ह्याच्या अक्षरात गेली,” ती म्हणाली. “आजारी हाय म्हनून लिवलं, सून बघितली म्हनून लिवलं, ईदला ये म्हनून लिवलं. त्यो येत व्हता. का त्यो ह्याच्या आयला भेटाया येत व्हता? अक्षर ह्याचं, शब्द माजाच व्हता न्हवं? मग आज अक्षर पोरीचं असंल.”

वराळ्याचा म्हातारा मावशीकडं वळून म्हणाला, पण ह्याचा शब्द हाय हे वळखायचं कसं? ती म्हणाली, पुसायचं. ह्यो आमाला पुसायचा तसं. आणि माझ्याकडं बघून म्हणाली, पूस की गं.

मी पाटी खाली ठेवली, म्हणजे वाचायला समोर काहीच नको. आबांचे डोळे माझ्यावर होते. मी विचारलं.

“आबा, तुमचंच हाय न्हवं?”

“बरं,” आबा म्हणाले.

तीन महिने गाव तो शब्द ऐकत होतं. शिडीला ऐकला, बैलांना ऐकला. पण असा नव्हता ऐकला. म्हातारा उठला आणि म्हणाला, ज्याला बोलता येत नाही त्याचा शब्द मोडायचं पाप मला नको. मावशीनं तबकातली सुपारी उचलून पदराच्या गाठीला बांधली. माझ्या दुकानातली हाय, म्हणाली, फुटायची न्हाई तर मी परत नेती. चुलता पुढं वर्षभर आमच्याशी बोलला नाही. घरात बोलणारी माणसं आधीच कमी, त्यात तो एक गेला, पण त्याची उणीव कुणाला जाणवली नाही.

मी पुण्याला निघाले त्या दिवशी मळवलीच्या फलाटावर आई आणि आबा दोघं आले होते. आबांच्या काखेत पाटी. गाडीला वेळ होता. आई म्हणाली, लिही, ते तुला काहीतरी सांगणार आहेत. मी हसले. पण ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले, आणि पाटी आबांसमोर धरली. आबांनी फलाटभर ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं: “नीट राहा. उपाशी राहू नको, तुला राग येतो. पोचलीस की पत्र टाक. तू गेल्यावर घर खायला उठेल.”

मला रडू फुटलं. सवयीनं मी आईला विचारलं, “तुजंच हाय न्हवं?”

आई चिडली. “माजं कशाला आसंल?” ती म्हणाली. “त्येंचं हाय. सकाळधरनं तेच बोलत्यात.”